लिनक्सवर चालतंय, फ्रीबीएसडीवर अडलंय: ऑटोकॉन्फ कसं लावायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या मामांचं हळदीचं अडत दुकान आहे. तिथला इलेक्ट्रॉनिक काटा सिरियल केबलवरून वजन पाठवतो, ते वाचून शेतकऱ्याची पट्टी छापणारा एक छोटा प्रोग्राम मी सी मध्ये लिहिला. उबुंटूवर मस्त चालला, मेकफाइल (प्रोग्राम कसा बिल्ड करायचा ते सांगणारी फाइल) हातानेच लिहिली होती. मग मामेभावाला तोच त्याच्या मॅकवर हवा झाला, आणि बॅकअपसाठी ठेवलेलं फ्रीबीएसडीचं (लिनक्ससारखीच, पण वेगळी युनिक्स प्रणाली) मशीन होतंच, तिथं जाऊन मेक मारलं तर मेकफाइलमधल्या पहिल्याच इफइक्यू (लिनक्सवरच्या जीएनयू मेकची अट, बीएसडीच्या मेकला ती कळत नाही) वर गाडी थांबली. ती ओळ काढली तर पीटीवाय.एच हे हेडर सापडत नाही, ती काढली तर लिंक होत नाही. दोन रात्री त्यात गेल्या, शेवटी ऑटोकॉन्फ या, मशीनवर काय आहे ते तपासून बिल्ड जुळवणाऱ्या साधनाने सुटलं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कुणाच्या तरी दोन रात्री वाचतील.

आधी एक सांगतो. कमांड आणि मॅक्रोची (ऑटोकॉन्फच्या तयार आदेशांची) नावं मी देवनागरीत उच्चाराप्रमाणं लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायची, एसी_, एएम_, पीकेजी_ किंवा हॅव्ह_ ने सुरू होणारं सगळं कॅपिटलमध्ये.

मी पहिल्यांदा केलं ते बहुतेक सगळेच करतात, कोडमध्ये इफडेफ (हे असेल तरच पुढचा कोड घे, अशी अट) टाकून सिस्टिमचं नाव विचारलं, लिनक्स असेल तर हे हेडर, फ्रीबीएसडी असेल तर ते, मॅक असेल तर तिसरं. चाललं पण. आठवड्याने एकाने अल्पाइनवर बिल्ड करून बघितलं तर तिथं एक्झेकइन्फो.एच नाही म्हणून एरर. अल्पाइन लिनक्सच आहे, पण त्याची सी लायब्ररी जीलिबसी नाही, मसल आहे, आणि मसलमध्ये बॅकट्रेस (त्या हेडरमधलं, प्रोग्राम कुठल्या फंक्शनमधून कुठं आला ते दाखवणारं फंक्शन) नाही. नावावरून धरलेला अंदाज तिथं चुकला. आणि एकाच नावाच्या दोन आवृत्त्याही सारख्या नसतात, उबुंटू २०.०४ मध्ये ओपनपीटीवाय (खोटा टर्मिनल उघडणारं फंक्शन, पुढं येईल) साठी युटिल लायब्ररी जोडावी लागते, २२.०४ मध्ये लागत नाही, कारण जीलिबसी २.३४ पासून ते मुख्य लायब्ररीतच आलं.

यार्डात सौद्याच्या वेळी पोत्यावर कुठल्या गावाचं नाव आहे ते वाचून कोणी भाव लावत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतात. ऑटोकॉन्फ नेमकं हेच करतं. प्रत्येक प्रश्नाला एक चिमूटभर सी प्रोग्राम लिहून त्याच मशीनवर कंपाइल करून बघतं, झाला तर यस, नाही तर नो. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी हे लिहायला घेतलं तेव्हा ते जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या बऱ्याच युटिलिटी सांभाळत होते आणि प्रत्येक युनिक्सवर युजरला हाताने निवडायला लागणारे पर्याय वाढत चालले होते, अडचण तीच होती जी आपली आहे.

सीमेक किंवा मेसॉन (याच कामाची दुसरी साधनं) का नाही, तर ते चांगलेच आहेत, पण समोरच्या मशीनवर ते आधी बसवावे लागतात. ऑटोकॉन्फने बनवलेल्या टारबॉलला (सगळा सोर्स एकत्र बांधलेल्या फाइलला) तिथं फक्त शेल, मेक आणि कंपायलर लागतो. माझ्यासाठी ते महत्त्वाचं होतं.

आता काम. सोर्स फोल्डरमध्ये कॉन्फिगर.एसी नावाची फाइल करा, यातूनच ऑटोकॉन्फ कॉन्फिगर ही तपासणी करणारी स्क्रिप्ट बनवतं, माझी साधारण अशी आहे:

एसी_इनिट([काटा], [१.०])
एएम_इनिट_ऑटोमेक([फॉरिन])
एसी_प्रॉग_सीसी
एसी_यूज_सिस्टिम_एक्स्टेन्शन्स
एसी_कॉन्फिग_हेडर्स([कॉन्फिग.एच])
एसी_चेक_हेडर्स([पीटीवाय.एच लिबयुटिल.एच युटिल.एच एक्झेकइन्फो.एच])
एसी_सर्च_लिब्स([ओपनपीटीवाय], [युटिल])
एसी_सर्च_लिब्स([बॅकट्रेस], [एक्झेकइन्फो])
एसी_चेक_फंक्स([बॅकट्रेस])
एसी_रिप्लेस_फंक्स([एसटीआरएलसीपीवाय])
एसी_कॉन्फिग_फाइल्स([मेकफाइल])
एसी_आउटपुट

क्रम महत्त्वाचा आहे. यूज_सिस्टिम_एक्स्टेन्शन्स सगळ्या तपासण्यांच्या आधी हवं, ते जीएनयू_सोर्स, डार्विन_सी_सोर्स वगैरे (हेडरमधली जास्तीची फंक्शनं दाखवणारे स्विच) लावून देतं, नाहीतर काही ठिकाणी फंक्शन लायब्ररीत असतं पण हेडर ते दाखवत नाही आणि माणूस चक्रावतो. सिरियल पोर्ट रॉ मोडमध्ये टाकायला सीएफमेकरॉ वापरतो, त्याच्या बाबतीत मला हेच झालं होतं, कंपायलरला सी९९ चा फ्लॅग दिला की जीलिबसी ते लपवतं. आणि कॉन्फिग.एच (तपासण्यांची उत्तरं यात येतात) प्रत्येक सी फाइलमध्ये सगळ्यात पहिलं इन्क्लूड करायचं, एसटीडीआयओच्या पण आधी. हे चुकलं तर वरची सगळी मेहनत वाया.

ओपनपीटीवाय कशाला लागतं ते सांगतो, काटा घरी नाही, म्हणून टेस्टमध्ये एक खोटा टर्मिनल उघडून त्यातून वजनाच्या ओळी पाठवतो, प्रोग्रामला वाटतं काटाच जोडलाय. हे फंक्शन लिनक्सवर पीटीवाय.एच मध्ये, फ्रीबीएसडीवर लिबयुटिल.एच मध्ये, मॅकवर युटिल.एच मध्ये. कोडमध्ये मग इफडेफ राहतातच, पण ते हॅव्ह_पीटीवाय_एच (ते हेडर सापडलं का) असे असतात, सिस्टिमचं नाव कुठंच येत नाही.

सर्च_लिब्स आधी लायब्ररी न जोडता बघतं आणि मग जोडून बघतं, म्हणून दोन्ही उबुंटूवर एकच ओळ पुरते. जुना एसी_चेक_लिब मात्र आपण सांगितलेली लायब्ररीच तपासतो आणि सापडली की जोडून टाकतो, गरज असो नसो. बॅकट्रेस फ्रीबीएसडीवर एक्झेकइन्फो नावाच्या वेगळ्या लायब्ररीत आहे, मॅकवर आणि जीलिबसीत मुख्य लायब्ररीत. इथं एक गोष्ट मला उशिरा कळली, सर्च_लिब्स फक्त लायब्ररी जोडतं, हॅव्ह_बॅकट्रेस डिफाइन करत नाही, म्हणून खाली चेक_फंक्सची वेगळी ओळ आहे. ती नसेल तर बॅकट्रेस सगळीकडं असूनही तुमच्या कोडला ते नाहीच असं वाटणार, आणि एररही येणार नाही.

एसटीआरएलसीपीवाय, म्हणजे मर्यादेत राहून स्ट्रिंग कॉपी करणारं फंक्शन, बीएसडीवर आणि मॅकवर खूप आधीपासून आहे, जीलिबसीत २०२३ मध्ये २.३८ पासून आलं. रिप्लेस_फंक्स काय करतं, नसेल तर तुम्ही दिलेली त्याच नावाची सी फाइल कंपाइल करून जोडतं. त्यासाठी मेकफाइल.एएम (खाली येते) मध्ये काटा_एलडीअ‍ॅड ला लिबऑब्जेस (अशा जोड फाइलींची यादी) द्यायला विसरू नका, आणि हॅव्ह नसेल तेव्हाचं डिक्लरेशन आपल्या हेडरमध्ये आपणच लिहायचं.

मेकफाइल.एएम छोटी असते, बिन_प्रोग्राम्स मध्ये काटा, काटा_सोर्सेस मध्ये सगळ्या सी आणि एच फाइली. ऑटोमेक हे ऑटोकॉन्फचं जोडीदार साधन यातून जी मेकफाइल बनवतं ती जीएनयू मेकवर पण चालते आणि बीएसडी मेकवर पण, पण तुम्ही स्वतः त्यात इफइक्यू, वाइल्डकार्ड, टक्के चिन्हाचे पॅटर्न रूल टाकले तर ते जसंच्या तसं पुढं जातं आणि फ्रीबीएसडीवर परत तिथंच अडतं. डॉलर आणि लेस-दॅन वाला व्हेरिएबल पण साध्या रूलमध्ये वापरू नका, फाइलचं नाव लिहा. अगदीच गरज असेल तर रीडमीमध्ये जीमेक (फ्रीबीएसडीवरचं जीएनयू मेक) लागेल असं स्पष्ट लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

कॉन्फिगर.एसी मध्ये शेलच्या ओळी लिहिताना बॅश विसरायचं. उबुंटूवर २००६ पासून बिन-एसएच म्हणजे डॅश (बॅशहून छोटा शेल) आहे, तिथं डबल कंस नाही आणि टेस्टमध्ये डबल इक्वल पण नाही, एकच इक्वल. चौकोनी कंस तर एम४ (कॉन्फिगर.एसी मधले मॅक्रो उलगडणारं साधन) स्वतःचे कोट्स म्हणून खाऊन टाकतं, म्हणून टेस्ट असा शब्दच लिहायचा. सेड-आय (फाइल जागच्या जागी बदलणं) सुद्धा टाळा, मॅक आणि फ्रीबीएसडीचं सेड त्याच्यापुढं सफिक्स मागतं.

झालं की ऑटोरीकॉन्फ -एफआय, मग ./कॉन्फिगर, मग मेक. मी बिल्ड नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये करतो, एक उबुंटूचा, एक अल्पाइनचा, तिथून ../कॉन्फिगर चालवायचं, सोर्स स्वच्छ राहतो.

बाहेरची लायब्ररी असेल, माझ्याकडं एसक्यूलाइट आहे, तर पीकेजी_चेक_मॉड्यूल्स वापरा. फ्रीबीएसडीचे पोर्ट्स (बाहेरून घेतलेली पॅकेजेस) /यूएसआर/लोकल मध्ये बसतात, नवीन मॅकवर होमब्रूची पॅकेजेस /ऑप्ट/होमब्रू मध्ये, आणि कंपायलर स्वतःहून तिथं बघेलच असं नाही, पीकेजी-कॉन्फिग योग्य पाथ देतं. कॉन्फिगर चालवताना सिंटॅक्स एरर, अनपेक्षित टोकन, आणि त्याच ओळीत पीकेजी_चेक_मॉड्यूल्स असं दिसलं तर कॉन्फिगर.एसी मध्ये चूक शोधत बसू नका, जिथं ऑटोरीकॉन्फ केलं तिथं पीकेजी-कॉन्फिग बसवलेलंच नव्हतं आणि मॅक्रो उलगडला नाही, ते बसवा, परत ऑटोरीकॉन्फ करा.

कॉन्फिगरवर सगळं ढकलू पण नका. काट्याचा पोर्ट लिनक्सवर /डेव्ह/टीटीवाययूएसबी०, फ्रीबीएसडीवर /डेव्ह/सीयूएयू०, मॅकवर सीयू ने सुरू होणारं लांबलचक नाव, पण ते बिल्डच्या वेळी ठरवायचं नाहीच, केबल दुसऱ्या भोकात लावली तरी बदलतं, म्हणून ते सेटिंग फाइलमध्ये. ती फाइल कुठं असेल तो पाथ मात्र मेकफाइल.एएम मधून सिसकॉन्फडिर म्हणून कंपायलरला द्या, कॉन्फिगर.एसी मध्ये डिफाइन केला तर आतला प्रीफिक्स उलगडत नाही. एक चूक अशीही आहे जी कुठलीच तपासणी पकडत नाही, गेटसी चं उत्तर कॅर मध्ये घेऊन ईओएफ (फाइल संपल्याची खूण, उणे आकडा) शी तुलना करणं. इंटेलच्या मशीनवर चालून जातं, रास्पबेरी पायवर लिनक्समध्ये कॅर अनसाइन्ड असतो आणि लूप कधीच संपत नाही. इंट घ्या.

तपासणीचं उत्तर चुकीचं वाटलं, म्हणजे फंक्शन आहे हे माहीत असून नो येतंय, तर कॉन्फिग.लॉग उघडा. त्यात त्या फंक्शनचं नाव शोधा, खाली कुठली कमांड चालली, कंपायलर काय म्हणाला, कुठला चिमूटभर प्रोग्राम फेल झाला, सगळं असतं. हल्ली जुन्या पॅकेजेसमध्ये हे जास्त दिसतं, कारण क्लँग १६ आणि जीसीसी १४ या कंपायलर-आवृत्त्यांपासून डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरलं की थेट एरर येतो, आणि पूर्वीच्या कॉन्फिगर स्क्रिप्टमधले कच्चे प्रोग्राम त्याच कारणाने पडतात. मग सिस्टिमवर ते फंक्शन नाही असा निष्कर्ष गुपचूप निघतो. बऱ्याचदा नवीन ऑटोकॉन्फने ऑटोरीकॉन्फ केलं की सुटतं, पण हाताने लिहिलेली तपासणी असेल तर तिच्यात हेडर आपल्यालाच घालावं लागतं.

रिलीज करण्याआधी मेक डिस्टचेक चुकवू नका. ते टारबॉल बनवतं, उलगडतं, सोर्स रीड-ओन्ली करून बाहेर बिल्ड करतं, टेस्ट चालवतं, इन्स्टॉल आणि अनइन्स्टॉल करून बघतं. सोर्सेस मध्ये लिहायचं राहिलेलं एखादं हेडर इथंच सापडतं, माझी दोन सापडली. मग तोच टारबॉल व्हर्च्युअल मशीनमधल्या फ्रीबीएसडीवर आणि कंटेनरमधल्या अल्पाइनवर न्या. टारबॉल कुठल्या गिट टॅगवरून (सोर्सच्या नोंदवहीतली आवृत्तीची खूण) बनला ते पण लिहून ठेवा, २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर उघडकीला आला तेव्हा त्याला चालू करणारी बदललेली एम४ फाइल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. दुसऱ्याला आपला टारबॉल गिटशी ताडून बघता आला पाहिजे.

आणि कोणी बिल्ड होत नाही म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचा फोटो पाठवला तर कॉन्फिग.लॉग ची अख्खी फाइल मागा, मामेभावाच्या मॅकवरचा घोळ मला त्यातल्या एका ओळीवरून पाच मिनिटांत कळला, त्याआधी अर्धा तास आम्ही फोनवर नुसते अंदाज बांधत होतो.