परदेशी सहकाऱ्यांशी चॅटवर थट्टा कशी करावी, आणि फसली तर काय करावं

हिंजवडीत बसून म्युनिक किंवा ओसाकाच्या टीमशी रोज चॅटवर बोलणारे आता थोडेथोडके नाहीत. काम बिनबोभाट चालतं, घोटाळा होतो तो थट्टेपाशी. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला ‘अरे वा, साहेब आज चक्क वेळेवर! सूर्य कुठून उगवला?’ असं म्हटलं की तोही हसतो. हेच इंग्रजीत टाइप करून परदेशी सहकाऱ्याला पाठवलं, तर ‘मी याआधी कधी उशिरा आलो होतो?’ असा गंभीर प्रश्न येऊ शकतो. म्हणून थट्टा सोडायची नाही, पण थोडं बेतानं घ्यायचं.

१. पहिले काही आठवडे टोमणा मारू नका

आपल्याकडे शालजोडीतला मारणं ही कलाच आहे. पण शालजोडीतला सगळा सुरावर चालतो, आणि टाइप केलेल्या वाक्याला सूर नसतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना काही उपरोधिक आणि काही सरळ वाक्यं एकमेकांना पाठवायला सांगितली होती. ईमेलवरून पाठवणाऱ्यांना वाटलं, समोरच्याला साधारण ७८ टक्के वेळा आपला रोख कळेल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच कळला, म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा जेमतेम बरं. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा मात्र अंदाज बराचसा जुळला. हे एकाच देशातल्या विद्यार्थ्यांचं झालं. मध्ये दोन संस्कृती आणि दोघांचीही उसनी इंग्रजी आली, की काय उरणार?

हसऱ्या चेहऱ्याची खूणसुद्धा अशाच घोटाळ्यातून आली. १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर कोणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा केली आणि काहींना ती खरी वाटली. त्यावर स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबरला सुचवलं, की गमतीच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस टाकावा.

२. समोरचा कसा हसतो ते आधी बघा

स्वतः विनोद करण्याआधी त्यांचे विनोद वाचा. थायलंडचा माणूस ‘५५५’ लिहितो, कारण थाई भाषेत पाचला ‘हा’ म्हणतात. रशियन माणूस वाक्याशेवटी नुसते बंद कंस टाकतो आणि ब्राझीलचा ‘के’ या रोमन अक्षराची रांग लावतो. हे सगळं हसूच आहे. उलट आपण ज्याला साधं स्मित समजतो, तो मंद हसरा पिवळा चेहरा चीनमधल्या तरुणांना बहुधा थंड, कुत्सित वाटतो. आपण तर तो ‘ठीक आहे’ म्हणूनही पाठवतो! शंका असेल तर इमोजी न टाकता ‘ही गंमत होती’ असं शब्दांत लिहा. विनोद थोडा पचकतो, पण माणूस दुखावत नाही.

३. माणसावर नको, परिस्थितीवर विनोद करा

मैत्री घट्ट असली की आपण एकमेकांचं वजन, टक्कल, लग्न, पगार, सगळं काढतो. त्यामागे वर्षानुवर्षांची ओळख असते. चॅटवरच्या माणसाशी ती नाही. मग दोघांच्याही वाट्याला आलेल्या त्रासावर बोला: रात्री साडेअकराची मीटिंग, मध्येच गोठलेला व्हिडिओ, कोणीच न वाचलेली दहा पानी सूचना.

स्वतःवर हसणं सुरक्षित मानतात, पण त्यालाही मर्यादा आहे. ‘माझा कोड म्हणजे देवाच्या भरवशावर’ हे मित्राला चालेल. ग्राहकाने ते खरं धरलं, तर पुढच्या मीटिंगमध्ये त्याचा खुलासा द्यावा लागेल.

४. तिसरा वाचक गृहीत धरा

२०१२ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या एका तरुणाने सुटीवर जाण्याआधी ट्विटरवर लिहिलं, की आता जाऊन अमेरिका ‘उद्ध्वस्त’ करणार. त्याच्या बोलीत त्याचा अर्थ यथेच्छ धमाल करणार एवढाच. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर त्याला आणि त्याच्या मैत्रिणीला अडवलं आणि परत पाठवलं. त्याच वर्षी इराणच्या फार्स वृत्तसंस्थेने ‘द अनियन’ या अमेरिकी उपहासपत्राचा मजकूर बातमी म्हणून छापला: ग्रामीण गोऱ्या अमेरिकनांना ओबामांपेक्षा इराणचे तेव्हाचे अध्यक्ष अहमदीनेजाद बरे वाटतात! नंतर त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. ग्रुपमध्ये न बोलणारे दहाजण वाचत असतात, आणि स्क्रीनशॉटसोबत आधीचे-नंतरचे संदेश जात नाहीत.

५. फसलं तर लगेच सावरा

फसल्याची लक्षणं बारीक असतात. एरवी गप्पा मारणारा एका शब्दात उत्तर देतो, एकदम ‘डिअर’ वगैरे औपचारिक होतो किंवा गप्प बसतो. ‘तुम्हाला राग आला का?’ असं ग्रुपमध्ये विचारू नका. अनेकजण चारचौघांत ‘नाही’च म्हणतात.

‘मी फक्त गंमत केली’ या वाक्याने सुरुवात करू नका. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की चूक त्याच्या समजुतीची. विनोद समजावूनही सांगू नका. समजावलेल्या विनोदावर आजवर कोणी हसलेलं नाही. दोन सरळ वाक्यं लिहा: ‘तुमच्या सादरीकरणाबद्दल मी जे लिहिलं ते टोचणारं होतं. माफ करा.’ काय लिहिलं याचा उल्लेख हवा, नाहीतर माफी मोघम वाटते. विनोद ग्रुपमध्ये केला असेल तर माफीही तिथेच, छोटीशी, आणि मग त्या व्यक्तीला वेगळा संदेश. मूळ संदेश गुपचूप पुसू नका. ‘हा संदेश काढून टाकला आहे’ ही पट्टी बऱ्याच ॲपमध्ये सगळ्यांना दिसते आणि संशय वाढतो. आणि वातावरण हलकं करायला लगेच दुसरा विनोद नको! त्याऐवजी दुसऱ्या दिवशी कामासाठी फोन करा. आवाज ऐकला की निम्मा ताण उतरतो.

६. थट्टा तुमचीच झाली तर

गाई, करी, आपले उच्चार यांवरचे शेरे कधी ना कधी येतातच. समोरच्याचा हेतू वाईट होता की तोही आपल्यासारखाच घसरला, हे आधी ठरवू नका. ‘यातली गंमत मला कळली नाही, सांगाल का?’ एवढंच लिहा. घसरलेला माणूस लगेच माफी मागतो. मुद्दाम बोललेल्याची मात्र पंचाईत होते, आणि तक्रार करायची वेळ आलीच तर त्याचं उत्तर लेखी तुमच्या हातात असतं.