लहान सर्व्हरच्या देखरेखीसाठी साधन निवडताना

मुंबईतल्या लहान कार्यालयांत सर्व्हर सांभाळणे हे बहुधा कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेले नसते; गोरेगावच्या औद्योगिक वसाहतीतला गाळा असो वा फोर्टमधली जुनी पेढी, जो प्रिंटर दुरुस्त करतो त्याच्याच गळ्यात सर्व्हरही पडतो. देखरेखीसाठी कोणते साधन घ्यावे असे त्याने विचारले की जाणकार मंडळी झॅबिक्स, प्रोमिथियस, ग्राफाना ही नावे एका दमात सांगून मोकळी होतात. साधने उत्तमच आहेत, पण नवशिक्याने नावापासून सुरुवात करू नये. जागा किती उरली, ती कशाने खाल्ली आणि ती संपण्याआधी आपल्याला कोण सांगणार, या प्रश्नांची उत्तरे जे साधन आपल्याला समजेल अशा आकड्यांत देते, तेच आपल्यासाठी योग्य. प्रश्न डिस्कचे आहेत हे मुद्दाम. माझ्या अनुभवात लहान सर्व्हर प्रोसेसर कमी पडून क्वचित बंद पडतो, डिस्क भरून मात्र वारंवार.

पहिले साधन लिनक्समध्ये आधीपासूनच असते. डीएफ ही कमांड एच या पर्यायासह दिली की प्रत्येक पार्टिशनची (डिस्कच्या प्रत्येक भागाची) एकूण, वापरलेली आणि उरलेली जागा दिसते. येथे एक गोंधळ हमखास होतो: वापरलेली आणि उरलेली यांची बेरीज एकूण जागेइतकी भरत नाही. ईएक्सटी-४ या फाइल सिस्टीममध्ये ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या मुख्य वापरकर्त्यासाठी, राखून ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे १०० जीबीच्या डिस्कवर सुमारे ५ जीबी; त्यामुळे रूट म्हणून आपल्याला फाइल लिहिता येते आणि त्याच क्षणी डेटाबेस मात्र जागा नाही म्हणून अडून बसतो. डीएफला आय हा पर्याय दिल्यास आयनोड (दर फाइलीमागे लागणारी एक नोंद) किती उरले ते कळते. डिस्क निम्मी रिकामी असूनही जागा शिल्लक नसल्याचा संदेश येत असेल, तर लाखो बारीक फाइलींनी, बहुधा जुन्या सेशन फाइलींनी, आयनोड संपवलेले असतात.

जागा कशाने खाल्ली हे डीयू सांगते, पण त्याची लांबलचक यादी वाचणे कंटाळवाणे असते, म्हणून एनसीडीयू बसवून घ्यावे. टर्मिनलमध्येच सर्वांत मोठा फोल्डर वर आणि लहान खाली असे चित्र दिसते, आणि बाणांच्या कळांनी आत उतरत जाता येते. त्यात डी ही कळ फाइल काढून टाकते, तेव्हा सुरुवातीचे काही महिने ते आर पर्याय देऊनच चालवावे, म्हणजे नुसते पाहता येते आणि चुकूनही काही पुसले जात नाही.

डीएफ आणि डीयू या दोन साधनांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा काय होते, हे मी लोअर परळमधल्या एका कार्यालयात शिकलो. गणपतीच्या सुट्टीत तिथला सर्व्हर बंद पडला. डीएफ १०० टक्के दाखवत होते, पण डीयूची बेरीज त्याहून कितीतरी कमी भरत होती. चूक माझीच होती. सुट्टीवर जाण्यापूर्वी मी एक फुगलेली लॉग फाइल (प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती) आरएम या कमांडने काढली होती, परंतु तिच्यात लिहिणारा प्रोग्राम चालूच होता, आणि लिनक्समध्ये एखाद्या प्रोग्रामने उघडून ठेवलेली फाइल काढली तरी तो तिला सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. उलट तो त्या न दिसणाऱ्या फाइलीत आणखी लिहीत राहतो. एलएसओएफने दिलेल्या उघड्या फाइलींच्या यादीत त्या फाइलीच्या नावापुढे ‘डिलिटेड’ असा शब्द दिसला, प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि सगळी जागा परत आली. तेव्हापासून मी चालू लॉग काढत नाही, ट्रंकेट या कमांडने रिकामी करतो, आणि रोजच्या कामासाठी जुने लॉग आपोआप बाजूला काढणारे लॉगरोटेट लावतो.

प्रोसेसर आणि मेमरीसाठी एचटॉप पुरेसे आहे. मेमरी पाहताना फ्री या कमांडच्या उत्तरातला ‘फ्री’चा रकाना पाहून घाबरू नये, लिनक्स रिकामी मेमरी डिस्कच्या कॅशसाठी वापरते आणि गरज पडताच सोडते, म्हणून ‘अव्हेलेबल’चा रकाना खरा. लोडचे, म्हणजे एकाच वेळी काम मागणाऱ्या प्रक्रियांच्या सरासरीचे, तीन आकडे शेवटच्या १, ५ आणि १५ मिनिटांचे असतात, आणि ते प्रोसेसरमधल्या कोरच्या संख्येशी ताडून पाहावेत: ४ कोरच्या यंत्रावर ४ हा लोड म्हणजे गाडी भरली आहे, पण कोणी दाराला लटकलेले नाही. मात्र लिनक्स डिस्कची वाट पाहणाऱ्या प्रक्रियाही लोडमध्ये मोजते. लोड १२ आणि प्रोसेसर निवांत असे दिसले तर टॉप या कमांडमधला ‘डब्ल्यूए’चा, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा, टक्का पाहावा; तो चढलेला असल्यास दोष डिस्कचा, आणि ती कोण दमवत आहे हे आयओटॉप सांगते.

एवढे हाताशी बसल्यावरच आलेखांकडे वळावे, कारण डिस्क हळूहळू भरते आणि तो कल एका क्षणाच्या आकड्यात दिसत नाही. नवशिक्याला मी नेटडेटा सुचवतो: ते बसवताच दर सेकंदाचे आलेख आणि तयार अलर्ट मिळतात, काही लिहावे लागत नाही. त्याचे पान १९९९९ या पोर्टवर (सर्व्हरच्या नेटवर्कवरच्या दारावर) उघडते, आणि ते पोर्ट इंटरनेटसाठी कधीही मोकळे ठेवू नये. सर्व्हर अगदीच दुबळा असेल तर जुने मुनिन पाहावे. ते दर ५ मिनिटांनी नोंद घेते आणि त्याच्या नोंदींच्या फाइली ठरावीक आकाराच्याच राहतात, म्हणजे डिस्कवर लक्ष ठेवणाऱ्यानेच डिस्क भरली असे होत नाही. झॅबिक्सला स्वतःचा डेटाबेस लागतो, प्रोमिथियससोबत आकडे पुरवणारा एक्स्पोर्टर, आलेख दाखवणारे ग्राफाना आणि अलर्टची वेगळी जुळणी येते. एक-दोन सर्व्हरसाठी हा संसार मांडू नये, दहा झाले की मांडावा. विंडोज सर्व्हरवर टॅली चालत असेल, तर रिसोर्स मॉनिटर आणि विनडर्स्टॅट एवढ्याने बरेच दिवस निभावते.

सर्व्हर क्लाउडवर असल्यास आणखी एक काळजी घ्यावी. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ साली सुरू झाले आणि इथले अनेक व्यवसाय त्यावर आहेत, पण ईसीटू यंत्रांसाठी, म्हणजे तिथे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरसाठी, क्लाउडवॉच ही ॲमेझॉनची देखरेख सेवा प्रोसेसरचा आलेख आपोआप दाखवते, डिस्कवरची भरलेली जागा आणि मेमरी मात्र नाही. त्यासाठी क्लाउडवॉचचा एजंट, म्हणजे छोटा मदतनीस प्रोग्राम, सर्व्हरच्या आत बसवावा लागतो. आलेख हिरवा आहे म्हणून निर्धास्त राहिलेली माणसे मी पाहिली आहेत.

जागा कमी पडली की हात प्रथम लॉगकडे जातो, पण सर्ट-इन या सायबर सुरक्षेसाठीच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागील १८० दिवसांपर्यंतचे आणि भारतातच जपून ठेवायचे आहेत. तेव्हा ते पुसण्याऐवजी दाबून (कॉम्प्रेस करून) दुसऱ्या साठ्यावर हलवावेत, आणि डिस्क विकत घेतानाच सहा महिन्यांच्या लॉगचा हिशेब करावा.

शेवटचा प्रश्न सांगणार कोण, हा होता. सर्व्हरने स्वतःच मेल पाठवावा यावर विसंबू नये, कारण मेलची रांगही त्याच डिस्कवर लिहिली जाते आणि डिस्क भरली की निरोपच निघत नाही. अपटाइम कुमा हे देखरेखीचे साधन दुसऱ्या यंत्रावर बसवून त्यात पुश प्रकारचा मॉनिटर करावा: डिस्क ८० टक्क्यांच्या आत असेल तरच सर्व्हरवरची छोटी स्क्रिप्ट दर काही मिनिटांनी हजेरी लावते, आणि हजेरी थांबली की फोनवर सूचना येते. सर्व्हर मेला तरीही हजेरी थांबतेच, त्यामुळे एकाच मांडणीत दोन्ही गोष्टी सांभाळल्या जातात. हे लावून झाल्यावर कार्यालय सुटल्यानंतर फॅलोकेट या कमांडने एक मोठी रिकामी फाइल तयार करून डिस्क ८५ टक्क्यांपर्यंत न्यावी, फोन खरोखर वाजतो का ते पाहावे, आणि घरी जाण्यापूर्वी ती फाइल आठवणीने काढून टाकावी.