डिझाइनच्या ऑनलाइन जगात नवीन आहात? तुमचं काम लोकांच्या नजरेत असं आणा

रोज एक पोस्ट टाका, तीस हॅशटॅग लावा, शंभर जणांना फॉलो करा. नव्या डिझायनरला कुणी हा सल्ला देताना दिसलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो ऐकून माझी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मी शेकडो पोस्ट टाकल्या आणि माझ्या कामाबद्दल माझ्याशी नीट बोललेली माणसं चार-पाचसुद्धा नव्हती. पुढे जे जमलं ते अगदी वेगळ्या वाटेनं जमलं. तीच वाट इथे लिहिते.

मी देवनागरी अक्षरांकन करते. दुकानांच्या पाट्या, छोट्या उद्योगांची पॅकेजिंग, पुस्तकांची मुखपृष्ठं. त्यामुळे उदाहरणं त्यातलीच येतील. तुम्ही ॲपचे स्क्रीन करत असाल किंवा चित्रं काढत असाल तरी क्रम हाच राहतो. सॉफ्टवेअर येतं आणि दाखवण्याजोगं थोडंफार काम हातात आहे, असं धरून चालते.

जागा आणि नाव

पूर्ण प्रोजेक्ट बिहान्सवर (डिझायनर आपलं काम मांडतात ती साइट), त्यातले तुकडे इन्स्टाग्रामवर. सुरुवातीला एवढं पुरे.

ड्रिबल या तसल्याच दुसऱ्या साइटचं काय, असं हमखास विचारतात. 2009 मध्ये ते सुरू झालं तेव्हा 400 बाय 300 पिक्सेलचं एक छोटं चित्र टाकायची रीत होती आणि पुढे बरीच वर्षं आत यायला निमंत्रण लागायचं. एकाच देखण्या चित्रावर दाद मिळवायची सवय तिथे अजून आहे. नाव झालेल्या माणसाला ते चालतं. नव्या माणसाच्या एका चित्रातून त्याचा हात दिसतो, विचार दिसत नाही. बिहान्सवर प्रोजेक्ट लांबलचक मांडता येतो आणि नव्या माणसाला त्याचीच गरज असते.

सगळीकडे एकच नाव आणि एकच फोटो ठेवा. ओळख करून देताना ‘स्वप्नाळू, कलासक्त, चहाप्रेमी’ असलं काही लिहू नका. ‘मराठी पाट्या आणि पॅकेजिंगसाठी देवनागरी अक्षरं. सांगली.’ एवढं वाचून समोरच्याला तुम्ही कशासाठी हवे आहात ते कळतं. ई-मेल पत्ता उघडा दिसू द्या.

कोणतं काम दाखवायचं

प्रसिद्ध कंपन्यांचे लोगो स्वतःच्या मनानं बदलून टाकू नका. ते काम तुम्हाला कुणी दिलेलं नसतं, त्यामागच्या अडचणी ठाऊक नसतात आणि हजारो विद्यार्थ्यांनी तेच आधी केलेलं असतं. आसपास बघा. तालुक्याच्या वाचनालयाचं सभासद-कार्ड, खानावळीतला दरफलक, सोसायटीच्या जिन्यातली सूचना, चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका. खरा माणूस, खरी अडचण आणि ‘हे असं नको’ म्हणणारं कुणीतरी हवं.

‘36 डेज ऑफ टाइप’ हा उपक्रम बऱ्याच जणांना माहीत असतो. बार्सिलोनाच्या निना सान्स आणि राफा गोइकोएचेआ यांनी 2014 मध्ये तो सुरू केला. रोमनची 26 अक्षरं आणि 10 अंक, रोज एक. हात चालता ठेवायला चांगला आहे, जरूर करा. मात्र त्या रांगेत जगभरातले लोक उभे असतात. देवनागरी करणार असाल तर 36 च्या हिशोबात अडकू नका. आपल्याला अवघड जातं तेच घ्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोनच शब्द शेजारी शेजारी काढून बघा. एकात रफार डोक्यावर चढतो, दुसऱ्यात तोच र चंद्रकोरीसारखा आडवा होऊन य ला बिलगतो, आणि समुद्राऐवजी डोंगरातल्या दऱ्या होतात. ती चंद्रकोर जाड अक्षरात बसवताना काय काय करावं लागलं, एवढ्यावर अख्खा प्रोजेक्ट उभा राहतो. तो मराठी लिहिणाऱ्या माणसाच्या हातूनच नीट होईल.

प्रोजेक्ट मांडणं: इथे घाई करू नका

मी सगळ्यात जास्त काळ इथे अडकले होते, म्हणून सविस्तर सांगते. एकच काम मी दोनदा मांडलं. पहिल्यांदा ते कुणी पाहिलं नाही, दुसऱ्यांदा त्यानं मला ओळख दिली. कामातली एक रेघही मधल्या काळात बदलली नव्हती.

काम होतं आजोळच्या गिरणीच्या पाटीचं. गिरणीवाल्या काकूंना नवी पाटी रंगवून हवी होती: ‘दळण, मिरची कांडप, शेवया’. पहिल्या वेळी मी काळ्या पार्श्वभूमीवर तयार अक्षरं ठेवली. मग तीच अक्षरं कपावर, कापडी पिशवीवर, व्हिजिटिंग कार्डावर चिकटवली. काकूंकडे यातलं काहीच नव्हतं. खाली लिहिलं, ‘परंपरा आणि आधुनिकता यांचा सुंदर मिलाफ’. लोक आले, बोट वर सरकवलं आणि गेले.

नऊ महिन्यांनी मी सगळं काढून टाकलं आणि पुन्हा मांडलं. या वेळी पहिलं चित्र जुन्या पाटीचा फोटो. तो मी पाटीपाशी उभं राहून काढला नव्हता. रस्त्याच्या पलीकडे, जिथे लोक एसटीची वाट बघतात, तिथून काढला होता. तिथून ‘कांडप’ हे ‘काडप’ दिसत होतं. पत्र्याची वरची कड गंजली होती आणि कडेला चिकटून काढलेला अनुस्वार गंजानं खाल्ला होता. त्याखाली काकूंचंच वाक्य, त्यांनी म्हटलं तसं: “दळणाला सगळी येत्यात, मिरचीचं कुणी इचारतच न्हाई.” कांडपयंत्र घेऊन त्यांना वर्ष झालं होतं आणि गावातल्या बायका मिरची कांडायला तालुक्याला जात होत्या.

मग माझा प्रश्न, एका वाक्यात: रस्त्यापलीकडून ‘मिरची कांडप’ हे ‘दळण’इतकंच ठसठशीत दिसलं पाहिजे आणि पाटी गंजली तरी अनुस्वार टिकला पाहिजे.

त्यानंतर फसलेले तीन कच्चे आराखडे. पहिल्यात अक्षरं इतकी जाड झाली की ‘ड’च्या पोटातली जागा बुजली. दुसऱ्यात ‘मि’ची आणि ‘ची’ची अशा दोन वेलांट्यांमध्ये बिचारा र चेपून बुटका दिसायला लागला. तिसरा मला फार आवडला होता. काकू म्हणाल्या, हे बँकेचं वाटतंय. तिन्ही आराखड्यांखाली तो का सोडला ते एकेका ओळीत. मग निर्णय: शिरोरेषा पत्र्याच्या कडेपासून चार बोटं खाली आणली आणि अनुस्वार चपट्या ब्रशनं, तिरक्या हातानं चौकोनी काढला, उभ्या दांड्याच्या जाडीहून थोडा मोठा. शेवटचं चित्र नव्या पाटीचं, त्याच एसटीच्या थांब्यावरून, त्याच अंतरावरून.

कप, पिशवी, कार्ड एकही नाही.

आठवडाभरात अनोळखी माणसं लिहायला लागली. अनुस्वाराबद्दल, गंजाबद्दल, त्या बुटक्या र बद्दल. बोलण्याजोगं काही मी त्यांच्यासमोर ठेवलं होतं म्हणून ती बोलली. पहिल्या मांडणीत ‘छान’ म्हणण्यापलीकडे कुणाला काही म्हणता येण्यासारखंच नव्हतं.

फॉन्ट करणाऱ्या एकानं माझी चूक दाखवली: ‘शेवया’तला श हिंदी वळणाचा आहे. खरं होतं. एका फॉन्टवरून गिरवताना माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मराठीत श देठाचा आणि ल पाकळीचा. राज्य शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. सहसा मजकुराची भाषा मराठी निवडली तरच मराठी रूप उमटतं, नाहीतर हिंदी वळण येतं. मी गावी जाऊन श पुसून पुन्हा रंगवला आणि चुकीचा श, बरोबर श, सांगणाऱ्याचे आभार असं एक चित्र प्रोजेक्टच्या शेवटी जोडलं. सगळ्यात जास्त लोकांनी पुढे पाठवलं ते हेच चित्र. मसाल्याच्या पाकिटाचं माझं पहिलं मोठं काम आलं तेही ते पाहून.

यातून तुमच्या कामापुरतं एवढं धरा. प्रोजेक्टमधलं प्रत्येक वाक्य उचलून मनातल्या मनात दुसऱ्या कुणाच्या प्रोजेक्टखाली ठेवून पाहा. तिथेही चपखल बसत असेल तर ते काढून टाका. ‘साधं, स्वच्छ, आधुनिक’ कुठेही बसतं. ‘गंजानं अनुस्वार खाल्ला’ फक्त त्या पत्र्याला बसतं. फसलेले आराखडे लपवू नका, पण सगळे टाकूही नका. ज्यांच्यामुळे पुढचा निर्णय झाला तेवढेच. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून, शक्यतो एकाच उजेडात काढा, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. मला स्वतःला दहा-बारा चित्रांच्या पुढे गेलेला प्रोजेक्ट बघवत नाही.

मजकूर चित्राच्या आत कोरू नका, तो मजकूर म्हणूनच टाइप करा, म्हणजे शोधताना सापडतो. मराठी आधी, खाली साधं इंग्रजी, आणि शीर्षक दोन्हींत. देवनागरीवर काम करणारे लोक युरोप-अमेरिकेतही आहेत आणि ते इंग्रजीतच शोधतात. कव्हर करताना फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं होऊन ते कसं दिसतं ते बघा. माझ्या कव्हरवर फक्त ‘कांडप’ आहे.

मत मागणं आणि मत देणं

‘कृपया अभिप्राय द्या’ असं लिहिलं की कुणी देत नाही. नेमकं विचारा: ‘अनुस्वार शिरोरेषेपासून फार सुटा वाटतो का?’ याला उत्तर द्यायला माणूस थांबतो.

स्वतःची एक पोस्ट टाकायच्या आधी दुसऱ्याच्या एका कामाला दहा मिनिटं द्या. काय आवडलं ते नेमकं सांगा, एक प्रश्न विचारा. त्याखाली स्वतःची लिंक चिकटवायची नाही, कधीच नाही. मोठ्या नावांना ‘सर, माझं काम बघा ना’ असे निरोपही पाठवू नका. त्यांच्यापर्यंत पोचायची चांगली वाट दुसरी आहे आणि ती फार थोडे घेतात. फॉन्ट घडवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता, बालू असे फॉन्ट मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येतील असे आहेत आणि त्यांच्या मूळ फाइल गिटहब या साइटवर सगळ्यांना खुल्या आहेत. असा कुठलाही मुक्त फॉन्ट वापरताना एखादं जोडाक्षर चुकीचं उमटलं तर तिथे नीट कळवा: कोणता फॉन्ट, कोणती आवृत्ती, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, काय टाइप केलं, काय उमटलं, काय उमटायला हवं होतं, आणि सोबत चित्र. या विषयातली जाणती माणसंच ती नोंद वाचतात. अशी स्वच्छ लिहिलेली एखादी नोंद तुमचं नाव त्यांच्या ध्यानात ठेवते.

हॅशटॅग चार-पाच, विषयाला धरून. पोस्ट कोणत्या वेळी टाकावी याचा विचार करत बसू नका.

श्रेय

याबाबत मी कडक आहे. कमल शेडगे (1935–2020) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी अक्षरं घडवली ती गिरवून, रंग बदलून, स्वतःची म्हणून टाकलेली मी कितीदा तरी पाहिली आहेत. मराठी प्रेक्षक ती वळणं एका नजरेत ओळखतो, फक्त बोलून दाखवत नाही. त्यानंतर तुमचं अस्सल कामही तो संशयानं बघतो. शिकण्यासाठी गिरवा, खुशाल दाखवाही, पण कुणाचं आहे ते पहिल्याच ओळीत लिहा. वापरलेल्या फॉन्टचं नाव लिहा. फोटो दुसऱ्यानं काढला असेल तर त्याचंही. पाटी रंगवायला मदत करणाऱ्या गावच्या पेंटरचं नाव, त्याला विचारून, मी प्रोजेक्टमध्ये टाकलं. नंतर त्यालाही दोन कामं मिळाली.

पहिली विचारणा आली की

त्याच दिवशी उत्तर द्या. एका प्रोजेक्टची लिंक, तुमचा दर, काम संपवायला लागणारे दिवस, आणि त्यांच्या कामाबद्दल एक प्रश्न. पुष्कळदा उलट उत्तर येतं, ‘आधी एक नमुना करून दाखवा, आवडला तर पुढचं बघू’. फुकट नमुना करू नका. दोन महिने खपून मांडलेला तो प्रोजेक्टच तुमचा नमुना आहे. तो पाहूनही ज्याला तुमचा हात कळला नाही, त्याला फुकटच्या नमुन्यानंही कळणार नाही. नम्रपणे नाही म्हणा आणि दुसऱ्या प्रोजेक्टसाठी रस्त्यापलीकडे उभं राहून फोटो काढायला जा.