सेंद्रिय तंबाखू : ताग वेळेवर गाडा, पाणी हात राखून द्या

कागल, हातकणंगले, शिरोळ भागात सेंद्रिय तंबाखू करायची असेल तर खताच्या आधी विहिरीचं पाणी तपासा. पाण्यातलं क्लोराइड पानात साठतं. असं पान वाळल्यावरही ओल धरतं आणि नीट जळत नाही. शिरोळच्या क्षारपड पट्ट्यात हा धोका जास्त. लिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड निघालं, तर ते पाणी तंबाखूला देऊ नका. ठिबकनेही ते गोड होत नाही.

हिरवळीच्या खतात, म्हणजे हिरवं असतानाच जमिनीत गाडायच्या पिकांत, मी ताग निवडेन. चवळीही गाडता येते, पण तिच्या मुळांवर सूत्रकृमी (जमिनीतले सूक्ष्म किडे) पोसतात आणि पुढे तेच तंबाखूच्या मुळांना गाठी आणतात. तागावर ते फारसे वाढत नाहीत. रान चोपणाकडे (सोडियम वाढून घट्ट झालेल्या जमिनीकडे) झुकलं असेल तर मात्र धैंचा बरा.

वळीव होऊन वापसा (पेरणीजोगी ओल) आला की एकरी 20 ते 25 किलो ताग पेरा. 45 ते 50 दिवसांत फुलकळी दिसू लागते, तेव्हाच गाडा. पुढे खोड जून होतं, लवकर कुजत नाही. गाडताना जमिनीत ओल हवीच. पावसाने उघडीप दिली असेल तर एक हलकं पाणी द्या. त्यानंतर तीन-चार आठवडे तंबाखूच्या रोपांची लागण करू नका. अर्धवट कुजलेल्या तागात रोपं पिवळी पडतात. उशिरा गाडलेला ताग तर आणखी नडतो : नत्र ऐन पक्वतेच्या वेळी सुटतं, पान हिरवंच राहतं, पिकत नाही. याच कारणाने तागावर पुन्हा भरमसाट शेणखत टाकू नये.

लागण संध्याकाळी करा, रोपाच्या बुडाशी तांब्याभर पाणी घाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी (लागणीनंतरचं हलकं पाणी) द्या आणि नांगे, म्हणजे रोप मेलेल्या जागा, भरून घ्या. पाऊस असेपर्यंत काम एकच, चर काढून पाणी बाहेर घालवणं. तंबाखूची मुळं साचलेल्या पाण्यात लवकर गुदमरतात.

पाऊस ओसरल्यावर दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच मोटर सुरू करू नका. सकाळीही ती तशीच असतील, तर पाणी द्या. पाटपाणी असेल तर एकाआड एक सरी भिजवा, पुढच्या पाळीला उरलेल्या सऱ्या.

शेंडा खुडल्यावर पाळ्या लांबवा. पानावर तांबूस ठिपके दिसू लागले की पाणी बंद करा आणि रान सुकलं की काढणीला लागा.