बॅट मास्टरसनचं जन्मगाव इलिनॉयमध्ये शोधू नका

अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या एखाद्या गाजलेल्या शेरिफचं मूळ घराणं शोधायला बसलात, तर सगळ्यात जास्त फसवतो तो शेरिफ स्वतःच. कान्सस राज्यातली डॉज सिटी ज्या फोर्ड काउंटीत येते, तिथे १८७७ साली शेरिफ म्हणून निवडून आलेल्या बॅट मास्टरसनचंच बघा. आपला जन्म इलिनॉयचा, असं तो सांगायचा. त्याच्या शब्दावर विसंबून मी इलिनॉयच्या नोंदींची पानं चाळत दोन रविवार घालवले. हाती शून्य! त्याचा जन्म कॅनडातला, आजच्या क्वेबेकमधल्या हेन्रीव्हिलचा, २६ नोव्हेंबर १८५३चा. नागरिकत्वाचा प्रश्न उठू नये म्हणून त्याने इलिनॉय पुढे केलं असावं, असा तर्क केला जातो. कारण काहीही असो, जनगणनेच्या कागदावर येतं ते घरच्यांनी, कधी कधी तर शेजाऱ्यांनी, दारात उभं राहून सांगितलेलं. त्यातलं कोण बोललं याची खूण १९४०च्या आधीच्या फॉर्मवर नसते.

नावाचंही तेच. मोठेपणी तो विल्यम बार्कले मास्टरसन म्हणवून घ्यायचा, पण बाप्तिस्म्याच्या वेळचं नाव बर्थोलोम्यू. ‘बॅट’ त्यातूनच आलं असावं. काठीच्या तडाख्यांवरून ते पडलं ही गोष्ट ऐकायला झकास आहे, पण तिच्यावर शोध उभा करू नका. बालपणीच्या नोंदीत ‘विल्यम’ शोधाल तर शोधतच बसाल. त्यापेक्षा एडवर्ड, जेम्स, नेली, थॉमस अशी भावंडांची रांग एकाच घरात कुठे सापडते ते पाहा. एकटं नाव चुकीचं लिहिलं जाईल, अख्खी रांग सहसा चुकत नाही.

आता वजाबाकी. इथे जुने जाणतेही घसरतात. १८८०च्या जनगणनेत वय मोजायचं ते १ जून या दिवशीचं, मग प्रगणक दारात कधीही येवो. नोव्हेंबर १८५३मध्ये जन्मलेला माणूस त्या दिवशी २६ वर्षांचा. १८८०मधून २६ गेले की उरतात १८५४, म्हणजे एक वर्ष चुकलंच. १९१०ला हिशेबाचा दिवस १५ एप्रिल होता, १९२०ला १ जानेवारी. वय अगदी खरं सांगितलं तरी दोन्हीकडे उत्तर पुन्हा १८५४च. तीन जनगणनांचं एकमत झालं म्हणून आपण खूश होतो, आणि ते एकमत एकाच चुकीचं असतं. गंमत म्हणजे न्यूयॉर्कच्या वुडलॉन दफनभूमीत बॅटच्या थडग्यावरही १८५४च कोरलंय. तेव्हा वर्ष लिहिताना ‘१८५३–५४’ असं लिहून ठेवा आणि चर्चची नोंद मिळेपर्यंत ते पक्कं करू नका. १९००च्या जनगणनेत मात्र जन्माचा महिना आणि वर्ष दोन्ही विचारलं होतं, ते पान आधी गाठा.

नायकाचं पान अडलं की भावंडांकडे वळायचं. थोरला एड डॉज सिटीचा मार्शल होता; ९ एप्रिल १८७८ला तो गोळी लागून गेला, त्यामुळे १८८०च्या यादीत तो सापडणारच नाही. पण त्या वर्षीपासून प्रत्येकाच्या आईवडिलांचं जन्मस्थळ विचारायला सुरुवात झाली होती. त्यामुळे हयात भावाबहिणींची उत्तरं शेजारी शेजारी मांडून पाहा. वडील थॉमस कॅनडात जन्मलेले, आई कॅथरीन आयर्लंडची. एका भावाचं उत्तर वेगळं आलं तर लगेच दुसरं कुटुंब समजू नका, घरात त्या दिवशी कोण होतं एवढाच तो फरक असू शकतो. बहिणी लग्नानंतर नवऱ्याच्या आडनावाखाली गडप होतात. क्वेबेकच्या कॅथलिक नोंदवह्यांत याच्या उलट, बाईचं माहेरचं आडनाव शेवटपर्यंत टिकतं. म्हणून तिकडे आईला कॅथरीन मॅकगर्क म्हणूनच शोधायचं. त्या वह्या बहुधा फ्रेंचमध्ये आहेत, एवढी तयारी ठेवा.

आडनावाच्या स्पेलिंगचा घोळ साउंडेक्स, म्हणजे सारख्या उच्चाराच्या आडनावांना एकच कोड देणारी पद्धत, सोडवतो असं समजून निर्धास्त राहू नका. मास्टरसन आणि मास्टरसॅन दोघांचा कोड एम-२३६. पण घाईत ‘र’च्या जागी ‘न’ पडून मास्टेनसन झालं की कोड एम-२३५ होतो, आणि यंत्र तुम्हाला काहीच दाखवत नाही.

बास रीव्ह्जसारख्या, गुलामीत जन्मलेल्या डेप्युटी मार्शलचा शोध तर आणखी अवघड. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असतं, खाली वय, लिंग आणि रंग. गुलाम माणसाचं नाव जवळपास कधीच नसतं. त्यांची नावं असलेल्या १८७०च्या जनगणनेच्या मागे जायचं तर विल्यम रीव्ह्ज या मालकाची कागदपत्रं धुंडाळावी लागतात, दुसरी वाट नाही.

आणि १८९०? ती जनगणना वॉशिंग्टनमधल्या १९२१च्या आगीमुळे जवळजवळ सगळी गेली. ‘माझ्या वेबसाइटवर दिसत नाही’ म्हणून पैसे भरून दुसऱ्या वेबसाइटवर जाऊ नका, तिथेही नसणार. त्याऐवजी राज्याच्या जनगणना बघा. मास्टरसन कुटुंब १८७१ साली कान्ससमध्ये विचिटाजवळ शेती करायला आलं, आणि कान्ससने १८७५, १८८५ आणि १८९५ला स्वतःची मोजणी केली. तिच्यात जन्म कुठे हे तर विचारलंच, शिवाय कान्ससला कुठून आलात यासाठी वेगळा रकाना होता. मी इलिनॉयवर दोन रविवार घालवण्याआधी खरं तर हाच रकाना उघडायला हवा होता.