पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत : गाडीवरचे गंजाचे ठिपके आणि टवके दुरुस्त करायला शिकताना

रत्नागिरीत डेंटिंग-पेंटिंगच्या कामाला मी लागलो त्याला आता चौदा वर्षं होतील. आधी आयटीआयमधून ‘मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग’ हा एक वर्षाचा ट्रेड केला आणि मग एका लहान वर्कशॉपमध्ये मिस्त्रींच्या हाताखाली उभा राहिलो. आमच्याकडे दरवर्षी एखाददुसरा नवा मुलगा येतो. त्याला वाटतं, आठवड्याभरात हातात रंग फवारायची गन मिळेल. मला ती आठ महिन्यांनी मिळाली. तोवर मी फक्त पॉलिश पेपरने पत्रा आणि रंग घासत होतो. तेव्हा राग यायचा. आता मीही नव्या मुलाला तेवढेच महिने घासायला लावतो, आणि का ते इथे लिहितोय. स्वतःच्या गाडीवरचे टवके घरी दुरुस्त करणाऱ्यांनाही यातलं बरंच कामाला येईल.

पहिल्या वर्षीची गोष्ट. मे महिन्यात एक पांढरी हॅचबॅक आली. मागच्या चाकाच्या कमानीवर वाटाण्याएवढा फुगवटा होता. मिस्त्री बाहेर गेले होते. मी फुगवटा खरवडला, तपकिरी रंग दिसला तेवढा वरवर घासला, पुट्टी (खोलगट जागा भरायचा लगदा) भरली, प्रायमर (रंगाखालचं अस्तर) मारला आणि रंग केला. काम इतकं साफ दिसत होतं की गाडीमालकांनी पाठ थोपटली. गणपतीत तीच गाडी परत आली. वाटाण्याच्या जागी आता पुरीएवढा फोड होता. मिस्त्रींनी मला ओरडलं नाही. हातात ८० नंबरचा, म्हणजे भरड पॉलिश पेपर दिला आणि म्हणाले, “उघड. मी सांगेपर्यंत थांबू नको.” मी घासत गेलो आणि रंगाखालून गंज पुढे पुढे निघत गेला, तळहाताएवढा. वरून तिथला रंग अगदी धडधाकट होता.

त्या दिवशी जे कळलं तेच नव्यांना आधी सांगतो: गंज दिसतो तेवढाच कधी नसतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यालगतचा गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं, म्हणजे माणसाच्या केसाच्या दीडदुप्पट जाडी. खडी उडून त्याला एक भोक पडलं की पाणी पत्र्यापर्यंत पोचतं आणि मग रंगाच्या आडोशाने आडवं पसरतं. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, म्हणून रंग वर उचलला जातो आणि आपल्याला फोड दिसतो. फोड दिसेपर्यंत आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. आमच्याकडे तर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, शिवाय समुद्राची खारी हवा. मिठामुळे गंज फार झपाट्याने धावतो. त्यात महामार्गाच्या कामाची खडी. बॉनेटच्या पुढच्या कडेवर टवके नसलेली गाडी मी क्वचितच बघतो.

पण ठिपका दिसला की लगेच पेपर उचलू नका. आधी तो काय आहे ते ओळखा. पांढऱ्या गाड्यांवर पुष्कळदा बारीक नारिंगी ठिपके दिसतात आणि मालक घाबरून येतात. रेल्वेमार्गाजवळ उभ्या राहणाऱ्या, किंवा जवळपास ग्राइंडिंग चालतं अशा ठिकाणच्या गाड्यांवर लोखंडाचे कण येऊन चिकटतात आणि ते कण गंजतात. गाडीचा पत्रा खाली सुखरूप असतो. बोट फिरवलं तर बारीक खरखर लागते, आजूबाजूचा रंग फुगलेला नसतो. हे ठिपके क्ले बारने (रंगावरची चिकटलेली घाण ओढून काढणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने) किंवा लोहकण काढणाऱ्या द्रावणाने निघतात. ते द्रावण लोखंडाला लागलं की जांभळं होतं. असल्या गाडीला घासून रंग करणं म्हणजे चांगला रंग फुकट घालवणं, आणि ते करून पैसे घेणं मला पटत नाही.

ओरखड्याचीही एक सोपी परीक्षा आहे. त्यावर पाणी टाका. ओला असताना दिसेनासा झाला तर तो क्लिअर कोटपुरता आहे, पॉलिशने बहुतेक भागतं. पाण्यातही दिसत राहिला तर रंगापर्यंत गेलाय. टवक्याच्या तळाशी राखाडी दिसलं तर प्रायमर शाबूत आहे. चकचकीत किंवा तपकिरी दिसलं तर पत्रा उघडा पडलाय, आणि त्याला पुढच्या पावसापर्यंत ठेवू नका. बंपर मात्र प्लॅस्टिकचा असतो. तिथला टवका गंजत नाही, तो सवडीने करा.

नुसता टवका असेल, गंज नसेल, तर टचअपची बाटली पुरते. रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. “पांढरा द्या” म्हणून रंग आणू नका, पांढऱ्यातही अनेक छटा आहेत. जागा शाम्पूने धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेण किंवा सिलिकॉन राहिलं तर रंग धरत नाही. पत्रा उघडा असेल तर आधी प्रायमरचा थेंब. बाटलीसोबतचा ब्रश बहुतेक जाड असतो. मी टूथपिक वापरतो. एक मोठा थेंब टाकण्यापेक्षा पातळ तीन-चार द्या, प्रत्येक वाळू द्या, आणि शेवटी थर आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित वर येऊ द्या. मग आठवडाभर हात लावू नका. त्यानंतर २००० चा पाणीपेपर छोट्या सपाट ठोकळ्यावर लावून तेवढंच टोक उतरवा आणि कंपाउंड (चकाकी आणणारी घासायची पेस्ट) मारा. सिल्व्हर किंवा मेटॅलिक रंगात ठिपका थोडा वेगळा दिसणारच, कारण त्यातले धातूचे बारीक पापुद्रे ब्रशने आणि गनने वेगवेगळे बसतात. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा. पत्रा बंद करणं हे टचअपचं पहिलं काम आहे.

गंज असेल तर मात्र घासणं आलंच. भोवती मास्किंग टेप लावा, पण ठिपक्याला चिकटून नको, चांगली दोन-तीन बोटं जागा सोडून. ८० ने सुरुवात करा आणि सगळीकडून चांदीसारखा पत्रा लागेपर्यंत वर्तुळ वाढवत जा. पुढे १८०, मग ३२०. रंगाच्या कडा इतक्या उतरत्या करा की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. मिस्त्री म्हणायचे, “डोळ्यांनी नको, बोटांनी बघ.” खरंच, डोळ्याला सपाट वाटणारी कड रंग मारल्यावर गोल रेघ होऊन उठते.

पत्रा उजळला तरी त्यात सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे राहतात. गंजाची मुळं तीच. तिथे फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा; ते उरलेल्या गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. मात्र ते कन्व्हर्टर धुवायचं की तसंच ठेवायचं ते डब्यावर वाचा. बऱ्याच इपॉक्सी प्रायमरना (उघड्या पत्र्यावर मारायचा, पाणी अडवणारा दोन घटकांचा प्रायमर) आम्लाचा अंश चालत नाही, ते वर्षभराने सोलून निघतात. उघड्या पत्र्याला बोट लावू नका, घामात मीठ असतं. आणि इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी मारा. कोकणात दुपारी उघडा केलेला पत्रा दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळसर झालेला मी पाहिलाय. चहाला जायचं असेल तर घासायच्या आधी जा, असं मी आमच्या मुलांना सांगतो.

पुट्टी हा माझा हळवा विषय आहे. खोलगट जागा राहिली असेल तरच पुट्टी घाला, तीही इपॉक्सीवर, आणि पातळ. हार्डनर, म्हणजे ती कडक करणारा दुसरा घटक, वजनाच्या साधारण दोन टक्के. “लवकर सुकू दे” म्हणून जास्त घातला तर महिन्याभराने रंगावर डाग उठतात. पुट्टी कोरडीच घासायची. आपल्याकडे धूळ नको म्हणून पाणी टाकून घासायची सवय आहे, आणि माझ्या त्या पांढऱ्या गाडीवर मीही तेच केलं होतं. पुट्टी पाणी शोषते. वरून रंग बसला की ते पाणी पत्र्यापाशीच अडकतं. पाणीपेपर प्रायमरवर वापरा, पुट्टीवर नाही.

यापुढचं, म्हणजे प्रायमर, ६००-८०० ने घासणं, बेस कोटचे दोन-तीन हात आणि प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, मग क्लिअर, हे गन हातात आल्यावर सरावाने जमतं. एवढंच सांगतो की भर पावसात रंग मारायला घेऊ नका. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग दुधाळ पडतो. तोवर जागा घासून इपॉक्सीने बंद करून ठेवा, रंग ऑक्टोबरात करा.

काही कामं घेऊच नका. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, किंवा टोक आत शिरलं, तर पत्रा संपलाय. तिथे कापून वेल्डिंग लागतं. दाराखालच्या पट्ट्या, चॅसिस, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा: यांवर गाडीची ताकद उभी असते. पुट्टीने झाकलेलं भोक अपघाताच्या वेळी कुणाच्या तरी जिवावर येईल. गिऱ्हाईक नाराज झालं तरी नाही म्हणा.

आणि मास्क. दोन घटकांच्या क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा होऊ शकतो आणि एकदा शरीराने धरलं की पुढे थोड्याशा वाफेनेही त्रास होतो. रुमाल किंवा कापडी मास्क त्यापुढे काही कामाचा नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या, हवा खेळती ठेवा, शक्य असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरा. हातही थिनरने धुवू नका, तो कातडीतून आत जातो. आमच्या मिस्त्रींनी तीस वर्षं तोंडाला गमछा बांधून रंग मारला. आता वर्कशॉपमध्ये क्लिअर चालू असलं की ते दारातही उभे राहू शकत नाहीत.

त्या पांढऱ्या गाडीचं काम मी दुसऱ्यांदा पैसे न घेता केलं, पाच दिवस लागले. दाराच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं चिखलाने बुजलेली होती, ती मिस्त्रींनी तारेने मोकळी करायला लावली. आतमध्ये साचलेलं अर्धा पेला पाणी बाहेर आलं. तेव्हापासून कुठलीही गाडी आली की आधी खाली वाकून ती भोकं बघतो, मग ठिपक्याकडे वळतो.