फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर खरेदी करताना: नागपूरकरांसाठी

कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेनची राजधानी फिलिप्सबर्ग. क्रूझमधून उतरून तिथल्या फ्रंट स्ट्रीटवर आलात की बर्डीची आठवण होईल: अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना सराफ, घड्याळं, कॅमेरे, मद्याची दुकानं. बरेच दुकानदार सिंधी, हिंदीत बोलणारे. पण हिंदीत गप्पा झाल्या म्हणजे भाव उतरला असं समजू नका. ‘ड्यूटी फ्री’ म्हणजे त्या मालावर आयात शुल्क लागलेलं नाही, एवढंच. तो नागपूरपेक्षा स्वस्त आहे की नाही, हे हिशेब केल्याशिवाय कळत नाही.

सोन्याचा हिशेब सोपा आहे. खरेदीच्या दिवशीचा इतवारीचा २४ कॅरेटचा भाव फोनवर बघून ठेवा. फ्रंट स्ट्रीटवरचे बरेच दागिने १४ कॅरेटचे असतात. साखळीच्या हुकाजवळ बारीक शिक्का असतो, तो भिंगातून बघा: १४ कॅरेटला ५८५, १८ ला ७५०, १० ला ४१७. दागिना समोर वजन करून घ्या, वजन ग्रॅममध्येच मागा आणि खड्यांचं वजन वजा करा. १० ग्रॅमच्या ५८५ साखळीत शुद्ध सोनं फक्त ५.८५ ग्रॅम, आपल्या २२ कॅरेटच्या १० ग्रॅममध्ये ९.१६. शुद्ध सोन्याच्या किमतीवर जे उरतं ती घडणावळ आणि दुकानाचा नफा. घासाघीस त्यावरच करायची. पहिली सूट मिळाली की थांबू नका, दोन-तीन दुकानं फिरून परत या. या दागिन्यावर आपला सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) नसतो, त्यामुळे पुढे इतवारीत मोडायला गेलात तर सराफ कस लावून फक्त सोन्याचे पैसे देईल.

निळा लारिमार घ्यावासा वाटेलच, सुंदरच असतो तो. हा दगड फक्त डॉमिनिकन रिपब्लिकच्या बाराओना प्रांतात सापडतो. खऱ्यात ढगांसारख्या पांढऱ्या रेषा असतात आणि हाताला तो गार लागतो. भिंगात गोल बुडबुडे दिसले तर ती काच. दगड मऊ आहे (काठिण्य ४.५ ते ५), म्हणून रोजच्या अंगठीपेक्षा पेंडंट बरं. काळं पोवळं आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू मात्र अजिबात नकोत; वन्यजीव कायद्यात अडकाल.

जहाजावर वाटतात त्या नकाशातली ‘शिफारस केलेली’ दुकानं जाहिरातीचे पैसे भरून तिथे आलेली असतात. खरेदीला डॉलर चालतात. मार्च २०२५ अखेरीस आलेलं तिथलं चलन, कॅरिबियन गिल्डर, एका डॉलरला १.७९ असं बांधलेलं आहे. कार्ड मशीनने रुपयांत पैसे घेऊ का विचारलं तर डॉलरच निवडा. रुपयांचा दर महाग पडतो. सिंट मार्टेन ही बेटाची डच बाजू; तिथली वीज ११० व्होल्टची आहे, म्हणून चार्जरवर १००–२४० लिहिलेलं बघा.

ग्वाव्हाबेरी ही तिथली खास लिकर; नावात ‘ग्वाव्हा’ (पेरू) असलं तरी ती पेरूपासून बनत नाही. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानात टाका. ७० टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोलची रम विमानात चालत नाही. भारतात शुल्काविना माणशी २ लिटर आणता येतं, पण वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिकडच्या पाहुण्यांसाठी बाटली नेऊ नका.

कस्टम्समधली दागिन्यांची वेगळी सूट वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांनाच आहे. सुट्टीवर गेलेल्यांनी पावत्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात आणि शुल्कमाफीच्या मर्यादेबाहेरचं सामान भारतात उतराल त्या विमानतळावरच लाल मार्गिकेत (शुल्क भरायचं सामान जाहीर करतात तिथे) दाखवावं.